पंपाच्या भोकात झेंडू

लई वर्षांपूर्वी, मशिनी बोलायच्या आणि माणसं गप ऐकायची तेव्हा, सॉसच्या कारखान्यात एक ढेरपोट्या पंप होता. त्याच्या डोक्यावर बारका वॉल्व्ह बसायचा. तो कंप्रेसरची हवा एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं सोडायचा, तेव्हा कुठं पंपाची ढेरी हलायची.

दसऱ्याला मशिनींची पूजा होती. वॉल्व्ह म्हणाला, "दादा, आधी मला उघडून पुसायला सांग. हवा बाहेर जायचं भोकपण साफ करू दे."

"गप रे टिचभर! आज नटायचं असतं. ओ हणमामिस्त्री, हळद-कुंकू अजून टाका. आणि त्या भोकात झेंडू खोचा, बरं दिसतंय."

मिस्त्रीनं मूठभर हळद टाकली, थोडी भोकातपण गेली, आणि वर झेंडू खोचला. बटण दाबलं. पंपानं "घुर्र" केलं आणि बसला. हवेला वाटच नाही, तर वॉल्व्ह हलणार कसा? टाकीतला सॉस आंबायला लागला.

मालक ओरडला, "भंगारात घाला याला!"

"छोटूदादा, वाचव रे!" पंप वॉल्व्हपुढं रडायला लागला.

"पहिला तो झेंडू काढायला सांग. मग मला पुसू दे."

मिस्त्रीनं झेंडू उपटला, वॉल्व्ह पुसून बसवला. बटण दाबताच पंप भोकातल्या हळदीसकट असा पादला, की मालक पिवळाजर्द झाला.

घरी बायकोनं विचारलं, "अहो, परत लग्न करताय काय?"

तेव्हापासून दसऱ्याला मालक स्वतः फडकं घेऊन वॉल्व्हपाशी हजर असतो.