पापणी लवायच्या आत

“मग आक्का, तीन कंपन्यांतली कोणती घेऊ?”

सर्वेशने विचारलं खरं, पण उत्तर गड्याच्या खिशात तयारच होतं. आक्कांनी नुसती मान डोलवायची, की स्वारी पुण्याला परत. नवं काम काढलं की आधी मठातल्या भागीरथीआक्कांच्या कानावर घालायचं, ही त्याच्या घरची रीत. ती पाळायला म्हणून तो टेकडी चढून आला होता.

“कसली कंपनी, कशासाठी, सांगशील तर खरं!”

सांगायला तो टपलेलाच होता. साप चावला, की जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस आहे ते दाखवणारं त्याचं ॲप. सगळी माहिती पुण्याच्या सर्व्हरवर. डोंगरातल्या माणसाच्या फोनवर ते पान उघडेपर्यंत इकडे जीव टांगणीला. त्यावर उपाय म्हणजे एज प्लॅटफॉर्म. या कंपन्या ठिकठिकाणच्या शहरांत आपले संगणक ठेवतात, ॲपची नक्कल तिथेच ठेवतात, आणि पान जवळच्या जवळ उघडतं. अशा तीन कंपन्या होत्या. ज्या संस्थेसाठी हे काम चाललं होतं, तिला उद्या सकाळी एकीचं नाव कळवायचं होतं.

“पहिलीची केंद्रं तीनशे शहरांत. दुसरी स्वस्त. आणि तिसरी... आक्का, पापणी लवायच्या आत उत्तर! अठरा कसोट्या लावल्या मी. महिनाभर वापरूनही पाहिली. तिसरीच!”

“ठरलंय की मग. मला कशाला विचारतोस?”

सर्वेश हसला. आक्का हसल्या नाहीत.

“महिनाभरात काय झालं?”

“झकास चाललं सगळं.”

“सगळं?”

“एक... एक प्रकार घडला.” त्याची मान खाली गेली. “एका पाड्यावरच्या मुलीला घोणस चावली. ॲपने सांगितलं, अमक्या दवाखान्यात लस आहे. बाप तिला पाठुंगळी घेऊन दोन तास चालत गेला. लस तर सकाळीच संपली होती. पुण्याला तशी नोंदही झाली होती. जवळच्या नकलेत मात्र जुनंच राहिलं होतं.”

“पोर?”

“वाचली. पाय... कापावा लागला.”

त्या बापासमोर उभं राहायचं धाडस त्याला अजून झालं नव्हतं, आणि त्याची लाज त्याला रात्रंदिवस खात होती. पण माणूस हुशार ना! लगेच सावरून म्हणाला, “पण तसं एकदाच झालं, आक्का. आणि उत्तर तर क्षणात मिळालं होतं!”

आक्का उठल्या आणि पायवाटेवरच्या पाणपोईकडे चालू लागल्या. सर्वेश मागोमाग. माठाच्या तळाशी कालचं ओंजळभर पाणी उरलं होतं. त्यांनी ते जांभळीच्या बुंध्याशी ओतलं आणि माठ कट्ट्यावर पालथा घातला.

“अहो आक्का, भरेपर्यंत निदान उभा तरी ठेवा. लांबून बघणाऱ्याला बरं वाटेल.”

“वाटेल ना... म्हणून तर.”

तेवढ्यात खालच्या वळणावर एक मोळीवाली आली. घामाने निथळत होती बिचारी. तिने मान वर करून कट्ट्याकडे पाहिलं. माठाचं बूड दिसलं, तशी पाणपोईची चढण चढलीच नाही. तिथूनच झऱ्याच्या वाटेला लागली.

सर्वेश ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

“त्या दिवशी,” आक्कांनी विचारलं, “लस होती कुठे रे?”

“तालुक्याला... नाही, म्हणजे... पलीकडच्या केंद्रात असणार बहुतेक...”

“बहुतेक?”

अठरा कसोट्या तोंडपाठ असलेला माणूस, पण इथे त्याची बोबडी वळली. लस कुठे होती, हे त्याने महिन्याभरात कुणाला विचारलंच नव्हतं. उत्तर किती वेळात आलं, तेवढंच तो मोजत बसला होता.

त्याने पालथ्या माठाकडे पाहिलं.

“माहीत नाही, आक्का.”

“‘माहीत नाही’ एवढं म्हणायला तुला महिना लागला,” आक्का म्हणाल्या. “त्या तिन्ही कंपन्यांना तेच म्हणायला किती वेळ लागतो, ते विचारून ये.”