टेकडी कुणाची?

"...म्हणजे ही टेकडी मराठी की कानडी, हे तुम्हीसुद्धा सांगणार नाही?"

दावलबाबांनी प्रश्न ऐकला आणि चुलीत एक काटकी पुढे सरकवली.

प्राध्यापक यामिनी हेरवाडकर भल्या सकाळी टेकडी चढून आली होती. वर एक समाधी होती. नदीच्या अलीकडचं हाळगाव म्हणे ती आपल्या मराठी संताची. पलीकडचं कोडेहट्टी म्हणे आपल्या कानडी संताची. दावलबाबा फकीर. ते तिथे रोज झाडलोट करत, शेजारच्या झोपडीत राहत. त्यांना कुणीच काही विचारत नसे.

यंदा मात्र दोन्ही गावांत दगडफेक झाली. सरकारी समिती बसली, आणि टेकडी कुणाची यावर समितीने यामिनीचं मत मागवलं. राष्ट्रवाद आणि अस्मिता हा तिचा विषय. उभी हयात तिने त्यातच घालवली होती. पहिलं पुस्तक आलं तेव्हा नदीच्या अलीकडे तिचा सत्कार झाला, पलीकडे पुतळा जाळला. दुसरं आलं तेव्हा पलीकडे सत्कार, अलीकडे पुतळा.

"तुझं गाव कुठलं?" बाबांनी विचारलं.

"सीमेवरचं. आई कानडी, वडील मराठी."

"आणि तू?"

"मी अभ्यासक."

"हं... हे गाव कुठं आलं?"

यामिनीला राग आला.

"थट्टा नको, बाबा. खाली दोघंजण इस्पितळात पडलेत. मी चुकीचं लिहिलं तर आणखी डोकी फुटतील."

"आणि बरोबर लिहिलंस तर?"



तिने दाराकडे पाहिलं.

भाद्रपदातलं धुकं दारापर्यंत आलं होतं. समाधी दिसेनाशी झाली, पायवाट दिसेनाशी झाली. टेकडी जणू जमिनीवरून सुटून हळूहळू कुठेतरी निघाली होती. बाबांनी दिलेला चहा तिने हातात धरून ठेवला. आपण इथे कधीपासून बसलोय, तेही तिला नीटसं आठवेना.

तेवढ्यात खालून हाक आली.

लांबलचक हाक. शब्द धुक्यात विरघळून गेलेले, नुसता सूर वर पोचला होता. यामिनीने सवयीने कान दिला. माणसाच्या बोलण्याच्या हेलावरून तो नदीच्या कुठल्या बाजूचा, हे ती सहज ओळखायची. या हाकेत तिला काहीच सापडेना. बाई की पुरुष, तेसुद्धा कळेना.

बाबा हलले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते.

हाक पुन्हा आली. आता आणखी लांबून.

"ओऽऽऽ!"

यामिनी दचकली. ओ तिच्याच तोंडून गेली होती.

आणि तो आवाज... परसात पीठभरल्या हातांनी उभी असलेली तिची आई अशीच ओ द्यायची, गळा मोकळा सोडून. आई जाऊन किती वर्षं झाली. तो आवाज आपल्यात राहिलाय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

चहा हातातच निवून गेला. डोळे का भरून आले, तेही तिला उमजेना.

खाली सगळं शांत झालं होतं. धुकं जरासं हललं, पुन्हा मिटलं.

"बाबा..." तिने विचारलं. "कुणाची हाक होती? हाळगावची की कोडेहट्टीची?"

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. दाराशी तिच्या चपला होत्या, आत येताना काढलेल्या, झोपडीकडे तोंड करून. बाबा वाकले. त्यांनी चपला उचलल्या आणि पायवाटेकडे तोंड करून ठेवल्या, जोडीने.

"ओ दिलीस ना?" ते म्हणाले. "मग अजून बसलीस कशी?"