लाल कुडतं आणि भिवरा शिंपीण

राजाला पेरू मिळाला नाही, तिथून सगळं सुरू झालं.

सोनगिरीचा राजा दुर्जय एका सकाळी शिपायाचं लाल कुडतं घालून, कुणाला न सांगता बाजारात गेला. बघतो तो काय, त्याला पाहताच दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या! पेरूवाल्याने टोपली पोत्याखाली सारली. एका बाईने रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला, "गप! शिपाई आला बघ!" पोर गप्प झालं आणि राजाचं तोंड उतरलं.

राजा होता हेकट. महालात परतताच त्याने राजशिंपी रावजीला बोलावणं धाडलं. रावजी म्हातारा, डोळ्यांनी अधू, म्हणून त्याची लेक भिवरा त्याचा हात धरून आली.

"हे कुडतं तूच शिवतोस ना?" राजा गरजला. "सीमेवर शत्रू याला भितो, ते ठीक. पण माझी रयत का भिते? मला असं कुडतं हवं, जे पाहून शत्रूची गाळण उडेल आणि बाजारातलं पोर हसेल! रंग हाच, शिलाई हीच. आठ दिवस देतो. जमलं नाही तर सोनगिरी सोडायची!"

"महाराज, एकच कुडतं भिववणार आणि हसवणारही?" रावजी चाचरला.

बाजूला उभ्या सेनापती विक्रांतरावांनी मिशीला पीळ दिला. "मी तर म्हणतो, लोक भितात तेच बरं. धाक हाच शिपायाचा खरा पोशाख!"

"तुम्हाला कुणी विचारलं?" राजा खेकसला. "आठ दिवस!"

घरी येऊन रावजीने अंथरूण धरलं. "चाळीस वर्षं या गावात सुई चालवली, पोरी. आता या वयात कुठं जाऊ?"

भिवराने बापाचे डोळे पुसले. पण रडून काही सुईत दोरा जात नाही! ती उठली आणि बाजारातल्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. एक दिवस बसली, दोन दिवस बसली. येणारेजाणारे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच आळीतला खंडू आला. खंडू सैन्यात शिपाई. पण पहारा दुपारचा, म्हणून अंगात साधी बंडी. त्याने केळेवाल्याकडून पैसे मोजून केळी घेतली, आणि सगळा बाजार त्याच्याशी बोलत होता. "काय खंडोबा, लग्नाचं जमलं का?" दुपारी तोच खंडू लाल कुडतं घालून आला, आणि त्याच लोकांनी माना खाली घातल्या. खंडूनेही चालता चालता केळेवाल्याच्या टोपलीतलं एक केळं उचललं. ना विचारणं, ना पैसे!

भिवराने त्याला हटकलं. "का रे? सकाळी याच माणसाकडून विकत घेतलंस ना?"

खंडू ओशाळला. "भिवराताई, खरं सांगू? कुडतं अंगात गेलं की मला कुणी खंडू म्हणतच नाही. हाक नाही, विचारपूस नाही. सगळ्यांना नुसता शिपाई दिसतो. मग मलाही वाटतं, घेतलं एक केळं, तर कुणाला कळतंय कुणी घेतलं!"

भिवरा ताडकन उठली. "सापडली!"

"कोण? माझ्यासाठी नवरी?"

"गाढवा, कुडत्यातली खोट!"

आठव्या दिवशी ती महालात हजर झाली. सोबत बाप आणि नवं कुडतं घातलेला एक शिपाई. राजाने पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे तर तेच आहे!"

"छातीवर बघा, महाराज."

छातीवर पांढऱ्या रेशमाने ठसठशीत अक्षरं भरली होती: 'वडवाडीच्या पारूबाईचा धोंडू'.

"हे काय?"

"कुडतं पुरं झालं. आता बाजारात चला!"

धोंडू म्हणजे दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा गडी, मिशा कानापर्यंत. राजा, सेनापती आणि बाकीचे देवळाच्या आडोशाला थांबले; धोंडू एकटा बाजारात शिरला तशा फळ्या लागू लागल्या. सवयीने त्याने एका म्हातारीच्या टोपलीतल्या दोन काकड्या उचलल्या. म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण शेजारी उभ्या पंतोजींना येत होतं, आणि समोर अक्षर दिसलं की मोठ्याने वाचायची त्यांना खोडच!

"वडवाडीच्या... पारूबाईचा... धोंडू!"

म्हातारीने झटक्यात मान वर केली. "आँ? पारूचा तू? अरे मेल्या, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी! ठेव त्या काकड्या! का सांगू पारूला?"

काकड्या धप्पकन टोपलीत पडल्या. "मावशी, आईला नको! पैसे देतो!"

"दे. अन् ही एक माझ्याकडून घे. तिकडं सीमेवर पोटाला मिळतं का रे? किती वाळलास!"

त्या हत्तीएवढ्या धोंडूला 'वाळलास' म्हटलेलं ऐकून अख्खा बाजार खदखदला. एकेक फळी पुन्हा उघडली. कुणी वडवाडीच्या पिकाची चौकशी केली, तर एका पोराने धोंडूची मिशी ओढून पाहिली आणि ते खुदकन हसलं.

राजा बघतच राहिला. सेनापती मात्र संतापले. "महाराज, हा सैन्याचा अपमान आहे! समोरून पारूबाईचा धोंडू चालून आला, तर शत्रू घाबरेल का? हसून लोळेल!"

"बोल पोरी," राजा भिवराकडे वळला. "याला काय उत्तर?"

भिवरा सेनापतींसमोर जाऊन उभी राहिली.

"सरकार, लांबून नुसता लाल रंग दिसतो. अक्षरं वाचायला दोन हातांवर यावं लागतं. शत्रू एवढा जवळ येऊन सावकाश वाचत उभा राहिला, तर दोष माझ्या सुईचा, की तुमच्या तलवारीचा?"

राजा पोट धरून हसला. त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून भिवराच्या हातावर ठेवला. "आजपासून राजशिंपीण तू! रावजी, तुम्ही आता नुसतं बसून खायचं. आणि हो, दुसरं नाव घाल आमच्या सेनापतींच्या अंगरख्यावर!"

भिवराने तिथेच सुई काढली. "आईसाहेबांचं नाव काय म्हणालात, सरकार?"

सेनापतींनी दोन्ही हात जोडले. "महाराज, मला वगळा! आमच्या मातोश्री अजून हयात आहेत, आणि भाजी आणायला रोज याच बाजारात येतात!"

हे ऐकून राजा जो हसत सुटला, तो महालात पोचेपर्यंत थांबला नाही.