पेडलचा सेन्सर आणि नवा कॉम्प्युटर

गाड्यांना कॉम्प्युटर नुकतेच बसू लागले होते, त्या काळची गोष्ट. एका जीपचा कॉम्प्युटर जळाला, नवा बसवला, तर इंजिन उभ्या जागी डरकाळ्या फोडू लागलं.

“अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर खोटारडा आहे. भंगारात टाका त्याला!” नव्या कॉम्प्युटरने फर्मावलं.

मेहबूबमिस्त्रीने पाना उचलला.

सेन्सर भडकला. “अरे, पेडलवर पाय नाही, एवढंच सांगतोय मी! जुन्याला कळत होतं ते.”

“माझ्या आकड्यात बसत नाही.”

“तुझे आकडे दुसऱ्या गाडीचे! आल्यावर मला एकदा तरी विचारलंस?”

मिस्त्री ओशाळला. घाईत दोघांची ओळख करून द्यायची राहिली होती. त्याने इंजिन बंद केलं, नुसती चावी फिरवली, पाय लांब ठेवला आणि कॉम्प्युटरला म्हणाला, “आता ऐक.”

सेन्सरने तोच आकडा पुन्हा सांगितला. कॉम्प्युटरने तो ‘पाय नाही’ म्हणून नोंदवून घेतला. मिस्त्रीने गाडी सुरू केली, तर इंजिन शांत चालू लागलं.

“बघ,” कॉम्प्युटर म्हणाला, “सुधारलास की नाही!”