वस्तादांचा वण आणि नाडीची रेघ

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा भाचा होता. वय सव्वीस. भोळा एवढ्याचसाठी, की सांगितलेलं तो तसंच्या तसं करायचा. बाकी गाव शहाणं होतं. ते नुसतं सांगायचं.

सगळ्यांत जास्त सांगायचे त्याचे मामा, ज्योतिराम वस्ताद. तालमीच्या कट्ट्यावर बसून ते पोरांना ऐकवायचे की कमरेचा लंगोट आजवर सुटलेला नाही, रोज पाचशे जोर काढतो, तुमची पिढी वाया गेली. मामांचे कपडे म्हाळू धुवायचा. त्यात लंगोट कधीच नसायचा. पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी असायची. पण म्हाळूला कोणी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही.

जत्रेत कुस्त्यांआधी वस्तादाने लंगोटावर उभं राहून आखाडा पुजायचा, अशी गावची रीत. तीस वर्षं तो मान मामांचा. गेल्या साली मामा उभे राहिले तेव्हा पोट एवढं ओघळलं होतं की पुढून लंगोट दिसेना. पोरं हसली. पंच म्हणाले, पुढच्या साली असंच असलं तर मान केरबाला. केरबा मामांचाच जुना चेला. त्याचं नाव निघालं की मामा थुंकायचे.

मामांनी खरंच जोर काढले असते तर गोष्ट इथंच संपली असती. मामांनी शहर गाठलं. गावात सांगितलं, योगशिबिराला चाललोय. सोबत म्हाळू.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. लोंबणारं कातडं कापून काढायचं, उरलेलं खाली ताणून शिवायचं. चीर या खुब्यापासून त्या खुब्यापर्यंत. वण फिकट होतो, पण जन्मभर राहतो. म्हणून तो कुठे झाकायचा ते आधी ठरवायचं. "रोज आतून जे घालता ते घालून या. त्याच्याखाली लपेल अशी रेघ मारते." आखाड्याचं मामा बाईंना बोललेच नाहीत. लेकीच्या लग्नात कोट बसत नाही म्हणाले.

मग म्हाळूला गावी पिटाळलं. "मी रोज घालतो ते घेऊन ये."

म्हाळूने चड्डी आणली.

आता बाईमाणसासमोर लंगोटाचं नाव कसं काढायचं? तीस वर्षं ज्या तोंडाला दुसरा विषय माहीत नव्हता ते तोंड मिटलं. मामा चड्डी घालून उभे राहिले. नाडी थेट बेंबीखाली.

बाई म्हणाल्या, "ही फार वर आहे. वण चार बोटं खाली घेतलेला बरा. नाडी जरा सोडता का?"

"नको नको. आहे तिथंच घ्या."

बाईंनी दोनदा विचारलं. मामांनी दोनदा तेच सांगितलं. बाईंनी रेघ मारली.

बाई गेल्यावर मामा म्हाळूवर खेकसले. "गाढवा, जे असतं ते आणायचं नसतं. जे शोभतं ते आणायचं. बांध खूणगाठ."

म्हाळूने सदऱ्याच्या टोकाला गाठ मारली.

ऑपरेशन झालं. पोट सपाट झालं. बेंबीसुद्धा नव्या जागी बसवली. तिसऱ्या दिवशी मामांनी म्हाळूला खानावळीतून मऊ भात आणायला सांगितलं. वस्तादाला मऊ भात शोभतो का? म्हाळूने दीड डझन उकडलेली अंडी तिखटमीठ लावून आणली. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, पैलवान दिसताय. मग मामांना खावी लागली. तिखटाने ठसका लागला. खोकता खोकता मामा टाके धरून रडले.

"शोभतं ते घाल चुलीत. डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं. शब्दाला शब्द."

म्हाळूने पहिली गाठ सोडली, दुसरी मारली.

घरी सोडताना बाईंनी बजावलं, कमरेत वाकूनच चाला. ताठ झालात तर टाक्यांवर ताण येईल, वण रुंद होईल. म्हाळूला म्हणाल्या, लक्ष ठेवा यांच्यावर.

म्हाळूने लक्ष ठेवलं. गाव भेटायला आलं. मामा ताठ व्हायला लागले की म्हाळू मानेवर हात ठेवून दाबायचा. सरपंच आला, मामा वाकले. दूधवाला आला, मामा वाकले. केरबा आला. त्याला बघून मामा सवयीने छाती काढायला गेले, म्हाळूने दोन्ही हातांनी वाकवलं. कपाळ केरबाच्या गुडघ्याला टेकलं.

केरबा म्हणाला, "वस्ताद, शिबिर मानवलं तुम्हाला."

गाव म्हणालं, तीस वर्षांत पहिल्यांदा माणसासारखे वागले.

केरबा गेल्यावर मामांनी काठी फेकून मारली. "चार माणसांत माझं हसं केलंस. चार माणसांत माझं काही उघडं पडलं तर धावून झाकायचं असतं. हेही मीच सांगू?"

म्हाळूने आणखी एक गाठ मारली.

चार महिन्यांनी जत्रा आली. मामांनी वण तांबड्या मातीने माखला आणि आखाड्यात शाल काढली. पोट फळीसारखं. टाळ्या पडल्या. पंच कर्ण्यावर म्हणाले, बघा रे पोरांनो, याला म्हणतात जोर. केरबाने मान खाली घातली.

पण लंगोट लंगोटाच्या जागी होता आणि वण नाडीच्या. दोघांत चार बोटं अंतर. ऊन तापलं, घाम आला, माती ओघळली. गोणीचं तोंड शिवल्यासारखा जांभळा वण डोकावला. लांबून कोणाला दिसत नव्हता. नारळ घेऊन जवळ उभ्या असलेल्या म्हाळूला दिसला.

उघडं पडलं. धावून झाकायचं. कशाने? डॉक्टर म्हणतील त्याने, शब्दाला शब्द.

म्हाळूने नारळ काखेत मारला, मामांनी पिशवीत काढून ठेवलेली चड्डी घेतली आणि आखाड्यात घुसला. मामा माती कपाळाला लावत होते. त्याने त्यांचा एक पाय उचलला, मग दुसरा, चड्डी बेंबीपर्यंत ओढली आणि नाडीला दुहेरी गाठ मारली.

पंचांनी कर्णा पुढे केला. "म्हाळ्या, हे काय?"

"वण यातच झाकतो," म्हाळू म्हणाला. "मामांचं पोट कापलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी याच नाडीवर रेघ मारली होती."

आधी पोरं हसली. मग सगळं मैदान हसलं. पंचांनी म्हाळूच्या काखेतला पूजेचा नारळ काढून केरबाला दिला. केरबा पुढे आला. मामा छाती काढून म्हाळूवर धावले.

म्हाळूने दोन्ही हातांनी मान धरली आणि त्यांना केरबापुढे वाकवलं.

वाकायचे दिवस संपलेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.