राखेवरचे वाटाणे

पूर्वी वाराणसीत एक राजा सुखाने राज्य करीत होता, तेव्हा नगराबाहेरच्या एका गावी, वाटाण्याचे बियाणे पिकवणाऱ्या घरात बोधिसत्त्व जन्मले. मेहुणा नंदिय त्यांच्या भागीत शेती करी.

एका वर्षी नंदियाने आपल्या वावरात ओल्या शेणाच्या गाड्यावर गाड्या रिचवल्या. बोधिसत्त्वांनी थोडे कुजलेले शेणखत आणि चुलीची राख, एवढेच घातले. नंदियाचे वेल कमरेला लागले. लोक ते बघायला येत आणि बोधिसत्त्वांच्या ठेंगण्या वेलांना हसत. हिरवे दिसले की शेंग सोलून बघतो कोण! पुढे ते वेल आपल्याच भाराने लोळले, शेंगांना बुरशी लागली. तरी पाखडल्यावर ढीग मोठा नंदियाचाच झाला.

तेवढ्यात पुराने उजाड झालेल्या वस्तीची म्होरकी, पुण्णा नावाची म्हातारी, बियाण्यासाठी बैलजोडी घेऊन आली. वस्तीजवळ देण्याजोगे तेवढेच उरले होते. दोघांच्या भागीतले बैल रोगाने मेले होते, नंदियाला जोडी हवीच होती.

बोधिसत्त्वांनी दोन्ही ढिगांतले मूठमूठ दाणे ओल्या फडक्यांत बांधून ठेवले. काही दिवसांनी सोडले, तर राखेवरच्या दाण्यांना कोंब फुटले होते. नंदियाचे निम्म्याहून अधिक सडले होते.

"दाजी, फडकं मिटा," नंदिय हळूच म्हणाला. "नाही उगवलं तर थंडी नडली म्हणू."

"ही माणसं पुन्हा पेरायला काय आणतील?"

"आणि आपण नांगराला काय जुंपायचं?"

"ते माझ्यावर सोड."

त्यांनी दोन्ही फडकी पुण्णेपुढे उघडली. राखेवरचे सगळे बी तिला दिले; ढीग लहान म्हणून एकच बैल ठेवून घेतला.

"एवढ्याशात वस्ती जगेल, बाबा?" तिचे डोळे भरून आले.

"विरळ पेरा, आई. यातलं वाया जाणार नाही."

नांगरणीला बोधिसत्त्वांनी एका बाजूला बैल जुंपला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा खांदा दिला. बायकोने नांगर धरला. खांदा सोलवटला, तरी ते थांबले नाहीत. बांधावर रुसून बसलेल्या नंदियाला अखेर ते बघवेना. तो उठून आला.

"दाजी, सरका. आता मी."

पुण्णेच्या वस्तीचे पीक तरारले, तसे गावोगावचे लोक बियाण्यासाठी या दोघांच्याच दारी येऊ लागले. शेण कमी लागले, मिळकत वाढली.

भिक्खूंना ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगणारे शास्ते एवढे सांगून म्हणाले, "भिक्खूंनो, ती पुण्णा म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारी म्हातारी उपासिका. जोखडाखाली मी होतो. आणि नंदिय म्हणजे, इतरांसारखी आपली साधना फुलत नाही म्हणून आज अंगावरचे चीवर उतरवून घरी परतायला निघालेला हा भिक्खू. तेव्हा तो न बोलावता उठून आला होता."

त्या भिक्खूने मान खाली घातली आणि चीवर सावरून घेतले.

"हसे झाले तरी धरलेले सोडायचे नाही," शास्ते म्हणाले, "हीच अधिष्ठान पारमिता, निश्चयाची परिपूर्णता."