घोंगडीतला बर्फ

संस्थानच्या मेजवानीसाठी स्टेशनावर बर्फाची लादी आली होती. घोंगड्या विणणाऱ्या बिरू सणगराने ती आपल्या दोन घोंगड्यांत गुंडाळली आणि भर उन्हात बैलगाडीतून राजवाड्यावर आणली.

दिवाण खवळले. "ऊब देणाऱ्या घोंगडीत बर्फ? फटके द्या याला."

बिरूने महाराजांसमोर घोंगड्या सोडल्या. लादी फक्त कडांना विरघळली होती.

"हे कसं?" महाराजांनी विचारलं.

"घोंगडी ऊब देत नाही, महाराज, अडवते. थंडीत अंगाची ऊब आतच ठेवते, उन्हाळ्यात बाहेरची झळ बाहेरच. दिवाणसाहेबांना हे ठाऊक हवं. आमच्या गावची विहीर आटल्याचा अर्ज त्यांनी तीन महिने असाच तुमच्यापासून अडवलाय."

महाराजांनी अर्जासाठी दिवाणांपुढे हात केला. बर्फाशेजारी उभ्या दिवाणांना घाम फुटला.